उंच पाळण्यातल्या दोघी

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, इंग्लंडला आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला म्हणाल्या, "पोरी, हितली माणसं मेली का काय सगळी?"

त्या खिडकीत उभ्या होत्या. बाहेर एकसारख्या विटांच्या घरांची रांग होती, दारांत गाड्या होत्या आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी म्हटलं, "कामाला गेलीत. संध्याकाळी येतील."

"सांजच्याला बी कोण दिसत न्हाई. दार उघडत्यात, आत जात्यात, दार लावत्यात. ह्याला काय गाव म्हनायचं?"

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. माझ्या नवऱ्याला चाकणच्या कंपनीनं तिच्या इंग्लंडमधल्या कारखान्यात पाठवलं होतं. मागून मी आणि आमची सहा वर्षांची लेक तिथं गेलो. आत्याबाई उन्हाळ्यापुरत्या नातीला भेटायला आल्या होत्या. पिंपरी पेंढारला त्यांचा दिवस गोठ्यात सुरू व्हायचा आणि रात्री ओसरीवर शेजारणींच्या गप्पांत संपायचा. इथं त्यांच्या हाताला काम नव्हतं आणि तोंडाला माणूस नव्हतं. टीव्ही लावून दिला तर म्हणायच्या, "ह्यांचं बोलनं मला कळना, माझं ह्यांना ऐकू जाईना. बंद कर."

तसं आमच्या ओळखीचं मराठी घर गावात एकच होतं. आमच्या मागच्या गल्लीत राहणारी एक ताई तिथल्या हॉस्पिटलात नर्स होती. पहिल्या हिवाळ्यात बसथांब्यावर मी माझ्या लेकीला मराठीत दटावत होते, ते तिनं ऐकलं आणि मागूनच विचारलं, "कुठल्या गं तुम्ही?" मी जुन्नर तालुका म्हटल्यावर ती हसायलाच लागली. ती शेजारच्या आंबेगाव तालुक्यातली, घोडेगावच्या बाजूची. माझं माहेर खोडदचं. तिच्या कॉलेजची सहल तिथल्या शेतांमधल्या रेडिओ-दुर्बिणीच्या मोठ्या अँटेना बघायला आली होती. एवढं बोलणं आम्हाला पुरलं. लेकीला ताप आला की मी तिच्याकडं धावायची, तिची रात्रपाळी असली की तिची दोन मुलं आमच्याकडं जेवायची.

आत्याबाईंच्या मागोमाग महिन्याभरात त्या ताईची आईही आली. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झालेल्या, पांढरी साडी, चष्मा आणि ताठ चालणं. मी त्यांना बाई म्हणू लागले. मला वाटलं, झालं, आत्याबाईंना मैत्रीण मिळाली. नवऱ्याला तसं म्हटलं तर त्यानं हातातला पेपर खाली ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"आई काय करेल सांगता येत नाही," तो म्हणाला. "तिनं आडनाव विचारलं की संपलं."

ताईचं घर बौद्ध होतं. तिच्या आजोबांनी छप्पन सालानंतर दीक्षा घेतली होती. आमच्या दोघांच्या मनात त्याचं काही नव्हतं, पण आत्याबाईंचं घर, त्यांचं गाव, त्यांचं वळण वेगळं होतं. मी ताईशी हे कसं बोलावं म्हणून अडखळत होते, तर तिनंच विषय काढला. शाळांना सुट्टी लागली होती. एका मोठ्या ॲम्यूझमेंट पार्कला दोन्ही घरांनी मिळून जायचं ठरत होतं. ती म्हणाली, "तुझ्या सासूबाईंना आमचं माहीत आहे का? नसेल तर कळू दे. माझी आई काही लपवून बसणार नाही, आणि मी तिला लपवायला सांगणार नाही."

निघायच्या दिवशी सकाळी ताईची गाडी मुलं, पिशव्या आणि तिच्या नवऱ्याच्या लांब पायांनी भरून गेली. त्यामुळं बाई आमच्या गाडीत आल्या. मागच्या सीटवर एका कडेला आत्याबाई, एका कडेला बाई, मधे माझी लेक.

गाडी गावाबाहेर पडेपर्यंत आत्याबाईंना धीर निघाला नाही. महिनाभरानं त्यांना बोलायला माणूस मिळालं होतं.

"कुठलं गाव म्हनायचं बाई तुमचं?"

बाईंनी गाव सांगितलं.

"आगं बया! भीमाशंकरच्या वाटंवरचंच की. आमी शिवरात्रीला जातो ना, तुमच्या गावातनंच एसटी जाती. तिथं वळणावर च्याचं हाटेल हाय."

"आहे अजून. त्याच्यामागंच आमची शाळा."

"मास्तरीण व्हता व्हय तुमी? लई चांगलं. आडनाव काय तुमचं?"

मी समोरच्या आरशात बघितलं. नवऱ्यानंही बघितलं. बाईंनी आडनाव सांगितलं, अगदी हजेरी घेतल्यासारखं स्पष्ट.

आत्याबाई "हां" म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यांनी पदर सारखा केला आणि जरा आवरून बसल्या. लेक मधे बसून गाणी म्हणत होती, तिला काही कळलं नाही. पार्क येईपर्यंत तिचंच गाणं चालू होतं.

पार्क एका जुन्या जमीनदाराच्या रानात वसवलेलं होतं. मोठी झाडं, तळं, तळ्यात बदकं, आणि झाडांच्या वर उगवलेले लोखंडी सांगाडे. त्यांवरून गाड्या खाली कोसळायच्या आणि माणसांच्या किंकाळ्या अर्ध्या रानात ऐकू यायच्या. दारात एका मुलीनं सगळ्यांच्या मनगटाला कागदी पट्ट्या बांधल्या. आत्याबाईंनी हात पुढं करताना विचारलं, "राखी हाय का?" हिरवं नऊवारी लुगडं, त्यावर माझा लाल स्वेटर आणि पायात नातीनं निवडलेले पांढरे बूट अशा त्या चालल्या होत्या. समोरून येणारी माणसं त्यांच्याकडं बघून हसायची आणि त्याही मोकळेपणानं हसायच्या. त्या हसण्याला भाषा लागत नव्हती.

मुलांचं काय सांगावं. उंची मोजायच्या फळीपाशी ताईचा धाकटा टाचा उचलून उभा राहिला आणि पकडला गेला. माझी लेक फिरत्या चहाच्या कपात बसली ती उतरायलाच तयार नव्हती. माझा नवरा आणि ताईचा नवरा, दोघं शहाणेसुरते बाप्ये, पाण्यातल्या होडीत बसून वरून खाली आले आणि नखशिखान्त भिजून थरथरत उभे राहिले. आत्याबाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. "आमच्या जत्रंत लाकडी पाळणा असतो," त्या म्हणाल्या. "दोन गडी हातानं फिरवत्यात. हितं तर समदं इजेवर." बाईही हसत होत्या, पण दोघींमधलं अंतर आत्याबाई जपून होत्या. बाई बाकावर बसल्या की त्या उभ्या राहायच्या.

दुपारी आम्ही तळ्याकाठच्या गवतावर चादरी पसरल्या. मी पराठे आणि बटाट्याची भाजी आणली होती. बाईंनी डबा उघडला आणि वासानंच मी ओळखलं. मासवड्या. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं आणि लसणाचं सारण भरून गुंडाळलेल्या, सुरीनं कापलेल्या वड्या, थर्मासमध्ये काळ्या मसाल्याचा रस्सा आणि फडक्यात बाजरीच्या भाकरी. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाला परदेशात हे समोर आलं तर त्याला गाव आठवतं. मी लगबगीनं ताटल्या मांडायला घेतल्या.

बाईंनी ताटली भरली आणि पहिली आत्याबाईंपुढं धरली. "घ्या अक्का. पहाटे उठून केल्यात."

आत्याबाईंनी मासवडीकडं बघितलं. त्यांना ती किती आवडते हे मला माहीत होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनीच मला ती करायला शिकवली होती. त्या म्हणाल्या, "नगं. मला भूक न्हाई." आणि थोड्या सरकून त्यांनी माझ्या डब्यातला पराठा उचलला.

ताई उठून उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. "आई, डबा बंद कर. आपण तिकडं बसू."

"बस खाली," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "मला हे नवीन नाही. आज पोरांचा दिवस आहे, तो मी खराब होऊ देणार नाही."

ताई बसली, पण तिनं घासाला हात लावला नाही. माझ्या नवऱ्यानं मान खाली घातली आणि एकामागून एक मासवड्या खात सुटला, जणू आईच्या वाटणीच्याही त्यालाच संपवायच्या होत्या. मुलं तळ्याकडं पळाली होती, तेवढंच बरं वाटलं.

जेवणानंतर लेकीनं हट्ट धरला, मोठ्या पाळण्यात बसायचं. आणि दोन्ही आज्यांबरोबरच बसायचं. मी म्हटलं, एकीबरोबर बस, दुसरीबरोबर नंतर. पण बाई उठल्या आणि आत्याबाईही उठल्या. नातीसमोर कुणाला नाही म्हणायचं नव्हतं. आम्ही रांगेत उभ्या राहिलो. पाळण्याच्या प्रत्येक खोक्यात समोरासमोर दोन बाकडी होती, वरती छत आणि बाजूंना कमरेएवढे गज. आत्याबाई आणि बाई एका बाकड्यावर बसल्या, आम्ही मायलेकी समोर. माणसानं दार लावून कडी घातली आणि आम्ही वर निघालो.

पहिली फेरी छान झाली. वरून तळं, गाड्यांचा तळ, लांबवर मेंढ्यांची कुरणं दिसली. लेक म्हणाली, "आई, खोडदच्या अँटेना दिसतील का?" सगळ्याच हसलो. दुसऱ्या फेरीत आम्ही अगदी माथ्याला आलो आणि पाळणा थांबला. आधी वाटलं, खाली माणसं चढत असतील. मग वारा सुटला. ढग कुठून आले कळलं नाही, पावसाचे तिरपे थेंब गजांतून आत येऊ लागले आणि आमचं खोकं पुढंमागं झुलायला लागलं. खाली कर्ण्यातून कुणीतरी सांगत होतं. मी कान देऊन ऐकलं. यंत्रात काही बिघाड आहे, घाबरू नका, जागेवर बसून राहा.

मी आत्याबाईंना मराठीत सांगितलं आणि ते सांगायला नको होतं असं लगेच वाटलं. त्यांचा रंग उतरला. विहिरीच्या कडेला उभं राहून पोहरा ओढणारी, रात्री एकटी रानात पाणी धरायला जाणारी बाई ती. पण इतक्या उंचीवर पायाखाली जमीन नाही, हे त्यांना सोसवेना. त्यांनी डोळे गच्च मिटले, ओठ हलायला लागले. "द्येवा, माती बी हितलीच का माझ्या नशिबात," असं काहीतरी त्या पुटपुटल्या. वाऱ्याचा आणखी एक झोत आला, खोकं कलल्यासारखं झालं, आणि त्यांनी शेजारी बसलेल्या बाईंचा हात दोन्ही हातांनी धरला.

बाईंनी दुसरा हात त्यांच्या हातांवर ठेवला. "अक्का, डोळे मिटलेलेच असू द्यात," त्या म्हणाल्या. "माझ्याशी बोला. तुमच्या घरातून निघा. उंबऱ्याबाहेर पहिलं काय लागतं?"

"काय?"

"तुमच्या घराच्या उंबऱ्याबाहेर. काय आहे?"

"पडवी," आत्याबाई म्हणाल्या. आवाज कापत होता.

"पडवीत काय?"

"कांद्याच्या गोण्या."

"बरं. पुढं?"

"गोठा. दोन म्हशी हायेत. एक कालवड."

"कालवड कुठल्या रंगाची?"

"तांबडी. कपाळावर पांढरा ठिपका." त्यांचा श्वास जरा सरळ झाला. "मंग हीर. हिरीवर मोटार. मंग चुलत दिराचा बांध. दरसाल बांध कोरतो मेला! आवंदा तर हातभर आत सरकलाय."

"मग तुम्ही काही बोलत नाही?"

"बोलत न्हाई? चार मान्सांत लाज काढली त्याची!" त्या इतक्या जोरात म्हणाल्या की लेक खुदकन हसली. आत्याबाईंनीही एक डोळा उघडला आणि घाईनं मिटला.

"चला पुढं," बाई म्हणाल्या. "अजून रस्त्याला लागलो नाही आपण." मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "वरच्या वाडीवर माझी बदली होती तेव्हा पावसाळ्यात पोरांना ओढा ओलांडून न्यावं लागायचं. घाबरली की मी त्यांना घरी न्यायची. अशी, बोलत बोलत."

"बांधाच्या म्होरं मारुतीचं देऊळ," आत्याबाई आपणहून सांगू लागल्या. "तिथनं डांबरीला जायला दोन वाटा. एक गावाला वळसा घालून लांबची. एक जवळची, वस्तीतनं."

"पाऊस आलाय, जवळच्या वाटेनं जाऊ."

आत्याबाई थांबल्या. मग म्हणाल्या, "त्या वाटंनं मी कदी गेले न्हाई."

"का गं आजी?" लेकीनं विचारलं. "जवळची आहे ना?"

मी तिला जवळ ओढलं. कुठली वस्ती हे आम्हा तिघींनाही कळलं होतं. आत्याबाईंनी आता डोळे उघडले होते. त्या खाली बघत नव्हत्या. आपल्या हातांकडं बघत होत्या, आणि त्या हातांत बाईंचा हात होता, शिरा दिसणारा, तर्जनीजवळ खडू धरून धरून घट्टा पडलेला. त्यांनी तो सोडला नाही.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "लांबच्या वाटेनं जाऊ. आपल्याला कुठं घाई आहे?"

किती वेळ गेला सांगता येणार नाही. डांबरी रस्त्याला पोचून त्या दोघी ओतूरच्या बाजाराला गेल्या, तिथं बांगड्या बघितल्या, आणि मग बाईंनी आपल्या गावातून निघून आत्याबाईंना डिंभ्याच्या धरणापर्यंत नेलं. पाळण्यानं हिसका दिला आणि तो खाली जायला लागला तेव्हा बाई धरणाचं पाणी किती चढतं ते सांगत होत्या, आणि आत्याबाई म्हणाल्या, "थांबा, आदी बोलनं पुरं करा."

खाली आमची माणसं ओली होऊन वाट बघत होती. ताईनं धावत येऊन आईला धरलं. पार्कवाल्या पोरानं चार वेळा माफी मागितली आणि मुलांना म्हातारीचे केस फुकट दिले. मी आत्याबाईंना छपराखालच्या बाकावर बसवलं. बाई शेजारी बसल्या. या वेळी कुणी उठलं नाही.

थोड्या वेळानं आत्याबाई म्हणाल्या, "बाई, मासवड्या उरल्यात का?"

"आहेत. पण रस्सा गार झालाय."

"गार तर गार."

ताईनंच डबा काढून दिला. आत्याबाईंनी भाकरी कुस्करली, रस्सा ओतला आणि मन लावून खाल्लं. मधेच म्हणाल्या, "खोबरं जास्त भाजलंय. पर लसूण झ्याक." बाई म्हणाल्या, "इथलं खोबरं तसंच आहे." एवढंच. माझा नवरा दुसरीकडं तोंड करून उभा होता आणि डोळ्यांत पाऊस गेल्याचं सांगत होता.

एका दिवसात जग बदललं असं मी म्हणणार नाही. पुढच्या आठवड्यात ताई माझ्या स्वयंपाकघरात चहा घेताना म्हणाली, "माझ्या आईला आयुष्यभर जे सोसावं लागलं, ते एका मासवडीनं फिटतं का गं?" मी म्हटलं, "नाही फिटत." ती म्हणाली, "तेच. पण आई खूश आहे, म्हणून मी गप्प आहे." आणि मग आम्ही दोघींनी खिडकीतून पाहिलं. रस्त्यावर त्या दोघी फिरायला निघाल्या होत्या. आत्याबाई हातवारे करून काहीतरी सांगत होत्या, बाई मान हलवत होत्या, आणि ज्या रस्त्यावर माणूस दिसत नाही म्हणून आत्याबाई रडायच्या, तिथल्या एका गोऱ्या म्हातारीला थांबवून त्या तिच्या कुत्र्याची चौकशी करत होत्या. मराठीत. उन्हाळा संपेपर्यंत त्या रोज गेल्या. पाऊस असला तरी.

गावी परतल्यावरही दोघींचं फोनवर चालू राहिलं. ताईच्या भावाचं लग्न निघालं तेव्हा आत्याबाई माझ्या सासऱ्यांना घेऊन एसटीनं गेल्या. सासरे मांडवाच्या दारात जरा घुटमळले, असं त्यांनीच नंतर कबूल केलं. आत्याबाई आत जाऊन पंगतीत बसल्यावर मग तेही बसले.

काही वर्षांनी आम्ही कायमचे परत आलो आणि चाकणला राहू लागलो. एका मार्चमध्ये, कांदा काढणीच्या दिवसांत, मी दोन दिवस पिंपरी पेंढारला गेले होते. बाई आधीच आलेल्या होत्या, चार दिवस राहायला. ओसरीवर आत्याबाईंच्या शेजारी बसून त्या कांद्याची पात कापत होत्या. चुलत दिराची बायको बांधावरून आली, अंगणातच थांबली, बाईंकडं एकदा वरून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "पावणी कुठली म्हनायची?"

आत्याबाईंनी विळीवरून मान वर केली नाही.

"इंग्लंडची मैत्रीण हाय माझी," त्या म्हणाल्या. "आत ये, च्या टाकलाय. न्हाई यायचं तर तिथंच उभी ऱ्हा, कप बाहेर आनून देते."

चुलत दिराची बायको क्षणभर उभी राहिली. मग चपला काढून वर आली.